मागच्या चाकाचे रंगराव

हातोड्याचे पहिले तीन घाव घालेपर्यंत सगळं पुस्तकाबरहुकूम चाललंय, असा माझा समज होता. आठव्या घावाला दम घ्यायला थांबलो आणि वाकून पाहिलं, तर ॲक्सलच्या टोकाला अळंबीसारखी टोपी आलेली. जमिनीवर काढून ठेवलेला नट उचलून लावून पाहिला. तो टोकावर नुसता टेकला, आत जाईना. म्हणजे चाक ज्याच्यावर बसतं तो हब काढायचा राहिला तो राहिलाच, आणि आता तो पुन्हा आवळून बसवताही येणार नव्हता. तासाभरापूर्वी ही गाडी निदान चालत तरी होती.

पंच्याण्णव साल होतं. गाव तमिळ मुलखातलं, आणि आम्ही तिथले पिढ्यानपिढ्यांचे मराठी. मेकॅनिकलची पदविका मी नुकतीच पहिल्या वर्गात मिळवली होती आणि आईने ती चौकटीत घालून देव्हाऱ्याशेजारी लावली होती. रोज सकाळी देवांबरोबर तिलाही एक फूल मिळायचं. तेव्हा शेजारच्या कनकलताअक्का आईला म्हणाल्या की, गाडीच्या मागच्या डाव्या चाकातून तेल गळतंय, कोणाला दाखवू? आणि मी घरातूनच ओरडलो, "अक्का, मी आहे की!" ते ओरडणं हीच खरी पहिली चूक. हातोडा नंतरचा.

गाडी स्टँडर्ड टेन, सत्तावन्न सालची, ताकाच्या रंगाची. अक्का सरकारी इस्पितळात बाळंतपणाच्या नर्स होत्या. त्यांच्या यजमानांनी ही गाडी जुनी म्हणूनच घेतली होती. ते गेले आणि गाडी राहिली. अक्का निवृत्त झाल्या तरी आठवड्यातून तीनदा ओरत्तनाडूच्या बाजूच्या खेड्यांत स्वतः गाडी हाकत जायच्या. तिकडच्या पोरी इस्पितळाची तारीख विसरतील, अक्कांचा वार विसरणार नाहीत. कालव्याच्या कडेने ती ताकाची गाडी दिसली की पोटुशा बायका आपणहून ओसरीवर येऊन बसत.

पण ॲक्सलमधलं तेल हबच्या मागून झिरपून ब्रेकवर येत होतं. ब्रेक दाबला की डाव्या चाकाचा ब्रेक धरायचाच नाही आणि गाडी उजवीकडे ओढ घ्यायची. गेल्या महिन्यात ती अशी ओढ घेत थेट कालव्याच्या कट्ट्याला जाऊन टेकली. अक्कांना काही झालं नाही. कट्ट्यावर वाळत घातलेल्या कोणाच्या तरी मिरच्या तेवढ्या पाण्यात गेल्या. पण ही बातमी बंगळूरला पोचली. अक्कांचा मुलगा सतीशकुमार तिथे कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. त्याने कळवलं, शनिवारी सकाळच्या गाडीने येतो. गाडी विकू, घर भाड्याने देऊ, तू माझ्याकडे ये. अक्कांनी एसटीडीच्या बूथवरून त्याला ठणकावलं होतं की गाडी फर्स्टक्लास आहे, तुला स्टेशनवर घ्यायला मीच येते, स्वतः बसून बघ. तो म्हणाला होता, "सरि अम्मा, ठीक आहे. बसतो. मग ठरवू."

हे सगळं मला माहीत होतं. तो बुधवार होता.

अक्का कॉफीचा टंबलर घेऊन बाहेर आल्या. "जालं का रे, साईराम?"

"अक्का, थोडंसं…"

"थोडंसं म्हणजे किती?" त्या खाली वाकल्या. "छत्तीस वर्षं मी 'थोडंसं' म्हणणारे नवरे पाहिलेत. सरक बाजूला."

चष्मा पुसून त्यांनी ॲक्सलचं टोक तपासलं. बोट फिरवलं. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. कॉफीचा टंबलर त्यांनी माझ्या हातात न देता स्वतःच पिऊन टाकला आणि म्हणाल्या, "कीळवासलला जा. रंगरावांना बोलव."

"अक्का, ते बसवाले. ही कार आहे. यातलं त्यांना…"

"त्यांची तिन्ही लेकरं माझ्या हातची. मधली पायाळू. जा म्हटलं ना!"

रंगरावांना गावात कोणी रंगराव फिटर म्हणत नसे. मागच्या चाकाचे रंगराव, हेच नाव. एका खासगी बस कंपनीच्या वर्कशॉपात त्यांनी तेहतीस वर्षं काढली, आणि तीही सगळी गाडीच्या मागच्या अंगाला. इंजिनाचं काही विचारलं तर हात वर करायचे. "ते पुढचं. पुढचे लोक वेगळे." जणू बसच्या मध्यावर कुठे तरी तालुक्याची हद्द होती. निवृत्त झाल्यावरही लोक त्यांना बोलावत ते मागच्यासाठीच. ट्रॅक्टरचं, लॉरीचं, कोणाच्या लग्नातल्या व्हॅनचं.

मी गेलो तेव्हा ते गल्लीत स्टुलावर बसून पाय हलवत होते. सडपातळ माणूस, गुडघ्यावर दुमडलेली वेष्टी, कपाळावर बारीक गोपीचंदन, आणि खांद्यावर एक टॉवेल जो मी कधीच ओला किंवा कोरडा असा पाहिला नाही. तो कायम मधल्या अवस्थेत असायचा. मी सगळं सांगितलं. हातोड्याचा भाग जरा पटकन सांगितला.

"किती घाव?" त्यांनी तेवढंच विचारलं.

"चार-पाच."

"म्हणजे आठ." ते उठले. "नट काढून मारलेस की ठेवून?"

मी त्यांच्या टॉवेलकडे बघत राहिलो.

"काढून," ते म्हणाले आणि आत वळून बायकोला हाक मारली, "नागू! पेटी दे. इंजिनियर आलेत."

त्या दिवसापासून माझं नाव इंजिनियर पडलं. अजून तेच आहे.

रंगरावांची एक रीत मला गाडीपाशी पोचल्यावर कळली. कामावर माणसांशी ते तमिळ बोलायचे, लोखंडाशी मराठी. वर्कशॉपात दुसऱ्या कोणालाच मराठी येत नव्हतं, त्यामुळे तेहतीस वर्षं त्यांना हवं ते, हव्या त्या शब्दांत बोलता आलं. फोरमनला वाटे, हा माणूस स्तोत्र म्हणतोय. आता समोर अक्का आणि मी, दोघेही मराठी, म्हणजे त्यांची जरा पंचाईत होती. पण सवय ती सवय. ते चाकासमोर मांडी घालून बसले, हबवर तळहात ठेवला आणि अगदी अदबीने म्हणाले, "काय जावईबापू, बरं आहे ना? पोराने मारलं म्हणे."

मी हसलो. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"हसतोस काय? अडतीस वर्षं एकाच जागी बसलेत. हा तुमच्या घरचा जावई. मारून उठेल?"

"पुस्तकात लिहिलंय की झटका द्यावा."

"पुस्तकवाल्याच्या घरी जावई राहिला नसेल." त्यांनी पेटी उघडली. "जावई मारून उठत नाही. गोड बोलून उठत नाही. बूड टेकायची जागा जरा गैरसोयीची करायची, कॉफी वेळेवर द्यायची, आणि पाठ फिरवायची. आपणहून उठतो."

हब खरंच असाच बसलेला असतो. ॲक्सलचं टोक निमुळतं, हबचं भोक आतून तसंच निमुळतं, आणि वरचा नट दोघांना एकमेकांत इतकं दाबून बसवतो की ते एकच लोखंड आहे असं वाटावं. तेलाची गळती थांबवायची तर हबच्या मागचं ऑइल सील बदलायचं, आणि तिथे पोचायला हब निघालाच पाहिजे. पण त्याआधी माझी अळंबी निस्तरायची होती.

रंगरावांनी तीनधारी कानशीने टोकाची फुगलेली कडा घासायला सुरुवात केली. एक-एक आटा, सावकाश, मध्ये फुंकर. तासभर. मग पेटीतल्या बिस्किटाच्या डब्यातून त्यांनी चिंधीत बांधलेला एक नट काढला. माझ्या हातातल्या नटाचा जुळा भाऊ. तेलात ठेवलेला, चकचकीत.

"आमच्या मालकांची अशीच गाडी होती. काळी. तिचं मागचं अंग मी सांभाळायचो. अठ्ठ्याहत्तरला भंगारात गेली. तिचं एवढंच माझ्याकडे उरलं."

"मग हा लावायचा?"

"नाही." त्यांनी नट पेटीतल्या छोट्या व्हाइसच्या शिकंज्यात धरला आणि हॅक्सॉने मधोमध उभा कापायला लागले.

मी म्हटलं, "मामा, अहो…" पण तोवर अर्धा कापून झाला होता. सतरा वर्षं चिंधीत जपलेली वस्तू कापताना त्यांच्या चेहऱ्यावर भाजी चिरणाऱ्या माणसाइतकेच भाव होते. दोन फाका झाल्या. त्या त्यांनी ॲक्सलच्या आतल्या बाजूला, जिथे माझा हातोडा पोचला नव्हता आणि आटे शाबूत होते, तिथे दोन्हीकडून मिटवल्या, वरून पाइप-पान्याने आवळल्या आणि उलट्या फिरवत बाहेर आणायला लागले. चांगल्या आट्यांचं वळण धरून त्या फाका बिघडलेल्या आट्यांना वळण लावत येत होत्या. बारीक किस पडत होता. टोकाशी येऊन फाका सुटल्या. त्यांनी अक्कांच्या गाडीचा नट घेतला, दोन बोटांनी फिरवला. तो शेवटपर्यंत गेला.

"अक्का, शिवून जालं," ते ओरडले. "आता सुटका राहिली."

आतून अक्कांचा आवाज आला, "टाके दिसायला नकोत हां!"

मग ते माझ्याकडे वळले. "इंजिनियर, माझा एक नट गेला."

"मी आणून देतो मामा. मद्रासला शोधतो."

"मद्रासमध्ये मिळत असता तर मी सतरा वर्षं चिंधीत बांधून ठेवला असता?" ते हसले. "नट नक्को. नटाच्या बदल्यात मला एक हब दे. तू स्वतः काढायचा. मी स्टुलावर बसणार. हातोडा माझ्या मांडीवर असणार. जमेल?"

"जमेल की! त्यात काय!" मी पुन्हा एकदा ओरडलो. माझी सवय.

गुरुवारी सकाळी त्यांचा हब ओढून काढायचा पुलर आला. हा त्यांनी बसच्या चेसिसच्या जाड पोलादी तुकड्यातून स्वतः बनवलेला होता. चाकाचे चार बोल्ट ज्यातून जातील अशी चार भोकं आणि मध्ये मनगटाएवढा स्क्रू. चार नटांनी तो हबवर बसवला. मधला स्क्रू ॲक्सलच्या टोकावर टेकला. ॲक्सलचा नट मात्र त्यांनी काढला नाही; टोकाच्या बरोबरीला, सैल, तसाच ठेवला.

"हा कशाला ठेवलात?" मी विचारलं.

"तुझ्यासारख्याच्या हातोड्यापासून आट्यांना राखायला. शिवाय आणखी एक कारण आहे. ते फोरमनला ठाऊक."

मग त्यांनी लांब पाइप लावून स्क्रू आवळला. इतका की पाइप वाकेल असं वाटलं. हातोडा उचलला, स्क्रूच्या डोक्यावर एक घाव घातला. एकच. हातोडा खाली ठेवला आणि टॉवेल झटकला.

"चला, कॉफी."

दुपारी येऊन त्यांनी स्क्रू पाव फेरा आवळला, एक घाव घातला आणि गेले. संध्याकाळी तसंच. हब ढिम्म. जावईबापूंनी कूससुद्धा बदलली नव्हती. शनिवार मध्ये एकच दिवस सोडून उभा होता.

शुक्रवारी सकाळी अक्का गाडीपाशी येऊन उभ्या राहिल्या. पदर खोचलेला. म्हणाल्या, "रंगराव, खरं सांगा. उद्या नाही जालं तर मी सतीशला रिक्षाने आणते. तो गाडी विटांवर बघेल आणि मग मला काही बोलायला जागा उरणार नाही. मन्नुकुडीची पोर सातव्या महिन्यात आहे. तिला मी पुढल्या मंगळवारचं सांगितलंय. जायचं की नाही, तेवढं आजच कळू द्या."

पहिल्यांदाच त्यांचा आवाज जरासा पातळ झाला होता.

"मंगळवारी जा," रंगराव म्हणाले. "इंजिनियर, तू आता पापनाशमला जा. पंपसेटच्या सामानाचं दुकान आहे बस स्टँडसमोर. हे माप दे आणि ऑइल सील घेऊन ये." त्यांनी विडीच्या पाकिटावर लिहिलेलं माप माझ्या हातात दिलं. "येताना हे काढून ठेवलेले ब्रेकचे शूज नवीन लायनिंग लावून घे."

"पंपाचं सील? गाडीला?"

"पंपाला माहीत नाही की तो पंप आहे, आणि सीलला माहीत नाही की ती गाडी आहे. माप बरोबर असलं की पुरे. मालकांच्या गाडीला मी तेच घालायचो."

"पण मामा, हब अजून निघालाच नाही!"

"तू येईपर्यंत निघेल. नाही निघाला तर तू आल्यावर निघेल."

हब हललेला नसताना त्याच्या मागचं सील आणायला जाणारा माणूस त्या दिवशी सगळ्या जिल्ह्यात मी एकटाच असेन. बसमध्ये मी खिडकीतून भाताची शेतं बघत होतो आणि सतीशकुमारला काय सांगायचं याची तमिळमध्ये तयारी करत होतो. त्याच्याशी मराठीत बोलून उपयोग नव्हता. त्याला कळायचं सगळं, पण उत्तर इंग्रजीत यायचं.

दुपारी परतलो. सील मिळालं होतं, मापाला तंतोतंत. शूज नव्या लायनिंगसकट पिशवीत होते. हब जिथल्या तिथे. रंगराव स्टुलावर बसून तमिळ पेपरातली राशी वाचत होते, नागलक्ष्मीमामींनी पाठवलेला डबा शेजारी, आणि अक्का पायरीवर.

मी पिशवी ठेवली आणि न बोलता हातोड्याकडे हात नेला.

"इकडे दे," रंगराव पेपरातून डोळे न काढता म्हणाले. मी दिला. त्यांनी तो आपल्या मांडीवर ठेवला आणि त्यावर पेपर ठेवला. "बस. तुला फोरमनची गोष्ट सांगतो."

गोष्ट अशी की नोकरीच्या पाचव्या वर्षी रंगरावही माझ्यासारखेच तापट होते. एका बसचा हब निघेना म्हणून त्यांनी नट पार काढून टाकला, पुलर आवळला आणि रागाच्या भरात घणाने मारला. हब निघाला. निघाला तो सुटलाच. पुलरसकट वर्कशॉप ओलांडून फोरमनच्या टेबलावर गेला. फोरमन तेवढ्यापुरते हात धुवायला गेले होते. त्यांचा चार पुडांचा जेवणाचा डबा मात्र तिथे होता. सांबार छताला, दहीभात हजेरीपुस्तकाला.

"म्हणून नट ठेवायचा," मी म्हटलं. "सुटला तरी उडणार नाही."

"ते एक. शिक्षा काय जाली विचार. महिनाभर फोरमनचा डबा आमच्या घरून. नागू नवीन लग्न होऊन आलेली. तिने डांगर-पचडी पाठवली, पहिल्याच दिवशी. महिना संपला तेव्हा फोरमनने मला बोलावलं. म्हणाले, रंगा, तू मागच्या चाकावर कायम. कारण काय तर मागच्या चाकाचं काम त्यांच्या टेबलाजवळ चालायचं, आणि मी टेबलाजवळ असलो म्हणजे माझा डबाही टेबलाजवळ असायचा."

अक्का हसायला लागल्या. "आणि मी समजत होते की तुम्ही मोठे तज्ज्ञ म्हणून!"

"तज्ज्ञ नंतर जालो, अक्का. तेहतीस वर्षं एकाच जागी बसवलं तर कोणीही होतो. आणि थांबायला मी तिथे नाही शिकलो. तुमच्या इस्पितळाच्या बाकावर शिकलो. मधलीच्या वेळी."

"ती पायाळू," अक्का मला म्हणाल्या. "हा मनुष्य बाहेर बाकावर. दर दहा मिनिटांनी दार वाजवतो, 'ओढा की, ओढा की!' मी बाहेर आले आणि म्हटलं, रंगराव, ओढून आणायला ती काय बसचं चाक आहे? जा, कॉफी पिऊन या. गेले बिचारे. मी हात धुऊन नुसती बसले होते. तिची वेळ आली आणि ती आपली…"

'फाट्!'

बंदुकीच्या बारासारखा आवाज झाला. अक्कांच्या हातातला टंबलर पडला. गल्लीतली कुत्री भुंकायला लागली, आणि समोरच्या घरातून कोणीतरी तमिळमध्ये विचारलं की सिलिंडर फुटला का?

रंगराव तेवढे हलले नाहीत. त्यांनी पेपराची घडी घातली.

"उठले," ते म्हणाले.

मी धावलो. हब ॲक्सलवरून बोटभर पुढे सरकला होता आणि सैल नटाला टेकून थांबला होता, निघता निघता चप्पल शोधणाऱ्या पाहुण्यासारखा. कोणी हात लावलेला नव्हता. आदल्या दिवशीच्या आवळण्याने आणि त्या एकेका घावाने धरलेला ताण त्याने दुपारी तीन वाजता, आपल्या सोयीने, सोडला होता.

"या, जावईबापू, या," रंगराव हब उतरवताना म्हणत होते. "चहा घेणार? नाही? बरं."

त्यानंतरचं काम त्यांनी इतक्या पटापट केलं की दोन दिवस स्टुलावर बसणारा मनुष्य हाच का, असा मला प्रश्न पडला. जुनं सील चामड्याचं होतं, वाळून पापडासारखं झालेलं. ते काढलं. नवं तेलात बुडवून, लाकडाच्या ठोकळ्याने चारी बाजूंनी सारखं टिचत बसवलं. ब्रेकची थाळी पेट्रोलने धुतली. शूज चढवले. ॲक्सलचं निमुळतं टोक आणि हबचं भोक त्यांनी कोरड्या फडक्याने पुसलं, मग ज्या टॉवेलाबद्दल मी वर लिहिलं त्याने पुन्हा पुसलं.

मी मदत म्हणून ग्रीसचा डबा पुढे केला. बोट बुडवलंही होतं.

त्यांनी माझं मनगट धरलं. "हे काय करतोस?"

"परत काढायला सोपं जाईल."

"परत काढायला सोपं म्हणजे परत निघायला सोपं. अक्का कालव्यावरून जाताना निघेल." त्यांनी माझं बोट माझ्याच शर्टाला पुसलं. "इथे कोरडं लोखंड कोरड्या लोखंडाला धरतं. तेवढीच त्याची ताकद. घट्ट बसवायचं ते निघताना त्रास देणारच. तो त्रास कबूल असला तरच बसवायचं."

खडूने त्यांनी टोकावर चार रेघा काढल्या, हब बसवून पुन्हा काढला, रेघा सगळीकडे सारख्या पुसल्या गेल्यात ना ते पाहिलं. हब ॲक्सलवर फिरू नये म्हणून मध्ये घालायची बारीकशी लोखंडी चावी तिच्या खाचेत नीट बसली, वर चढली नाही, ते बोटाने चाचपलं. मग हब, मग नट. चाक लावून गाडी जमिनीवर उतरवल्यावर पाइपच्या टोकाला मी लोंबकळलो आणि नट आवळला. तेवढं काम मला मिळालं, कारण, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, "इंजिनियरचं वजन तरी कामाला येऊ दे." नटाच्या खाचेतून नवी पिन घालून तिची टोकं त्यांनी वळवली, तमिळ बाई मोगऱ्याच्या गजऱ्याला गाठ मारते तशी, एका झटक्यात.

गाडी त्यांनी स्वतः चालवली नाही. "पुढचं काम," म्हणाले आणि मागच्या सीटवर बसले, बरोबर डाव्या चाकाच्या वर. अक्कांनी कालव्याच्या रस्त्यावर जोर करून तीनदा ब्रेक दाबला. तिन्ही वेळा गाडी दोरी लावल्यासारखी सरळ थांबली. चौथ्यांदा त्यांनी रंगरावांना न सांगता दाबला, तेव्हा त्यांचं डोकं पुढच्या सीटवर आपटलं.

"अक्का!"

"तपासत होते," अक्का म्हणाल्या. आवाज पुन्हा जाड झाला होता.

शनिवारी सकाळी मी मुद्दाम गेटपाशी उभा होतो. ताकाची गाडी स्टेशनवरून आली ती सतीशकुमारला शेजारच्या सीटवर घेऊन. तो उतरला, मांडीवरची ब्रीफकेस सावरत. अक्का नुसत्या चाव्या फिरवत उभ्या. मला त्याने इंग्रजीत विचारलं की ब्रेक कोणी केले?

"मागच्या चाकाचे रंगराव," मी म्हटलं.

"रेल्वे फाटकाशी एक म्हैस आडवी आली," तो आता तमिळमध्ये बोलत होता, म्हणजे बोलणं खरं होतं. "मी म्हटलं, संपलं. अम्माने नुसता पाय ठेवला. माझी बॅग काचेला लागली. गाडी जिथल्या तिथे."

"आणि म्हैस?"

"ती अजून तिथेच असेल." त्याने ब्रीफकेस खाली ठेवली. "हॉर्न मात्र वाजत नाही. तो तरी नीट करून घ्या."

घर भाड्याने देण्याबद्दल तो दोन दिवसांत काही बोलला नाही. रविवारी गेला तो एकटाच. अक्काच त्याला सोडायला स्टेशनवर गेल्या. मंगळवारी गाडी मन्नुकुडीला गेली. त्या पोरीला नंतर मुलगा झाला, त्याचं नाव काय ठेवलं ते मला माहीत नाही, पण अक्कांनी सुचवलेलं 'रंगा' ठेवलं नाही एवढं कळलं.

राहिला माझा हब.

मी तो पुढल्याच आठवड्यात द्यायचा ठरवलं होतं. पण नोकरी लागली, आधी तिरुचीला आणि मग पुण्याला, नव्या गाड्यांच्या सर्व्हिस सेंटरमध्ये. इथल्या गाड्यांचं इंजिन पुढच्या चाकांना ओढतं. मागची चाकं नुसती मागून येतात, वऱ्हाडातल्या लांबच्या नातेवाइकांसारखी. त्यांच्यात जावईबापूंचा पत्ता नाही. मी रंगरावांना फोनवर हे सांगितलं. ते म्हणाले, "मग तुम्ही दिवसभर करता तरी काय?"

जुन्या गाड्या पुण्यातही आहेत. एका ओळखीच्या टॅक्सीवाल्याला विचारूनही ठेवलंय. पण अट स्टुलाची आहे. हातोडा त्यांच्या मांडीवर हवा. दिवाळीला घरी गेलो की मी जाऊन विचारतो, अक्कांच्या गाडीचा काढू का? ते चाकापाशी जाऊन ब्रेकच्या ड्रमच्या मागे बोट फिरवतात, कोरडं बोट मला दाखवतात आणि म्हणतात, "चांगला बसलेला जावई उगाच का उठवायचा?" अशा दोन दिवाळ्या गेल्या. त्यांचं काम इतकं चांगलं झालंय की माझं देणं फिटत नाही.

परवा आईचं पत्र आलं, तमिळ अक्षरांत, आमच्या मराठीत. खाली दोन ओळी अक्कांनी सांगून लिहवलेल्या होत्या. गाडीच्या उजव्या चाकाच्या आत थोडं तेल दिसतंय. ब्रेकपर्यंत आलेलं नाही. रंगराव रोज येऊन बघून जातात, पण हात लावत नाहीत. पुलर त्यांनी तेल लावून तयार ठेवलाय, सील पापनाशमहून आणवलंय, आणि स्टूल अक्कांच्या अंगणात आणून ठेवलंय. विचारलं तर म्हणतात, हा हब माझा नाही, इंजिनियरचा.

पोंगलला चार दिवसांची रजा मागितली आहे. साहेबांनी विचारलं, काय काम आहे? मी म्हटलं, घरचा जावई उठवायचाय. ते अजून विचार करतायत.